बाबा म्हणतात, आपण देणाऱ्यांतले

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सत्तावीस वर्षांची ही वाचक अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर सांगलीहून अमेरिकेत गेली. सगळं कुटुंब आता तिथलं नागरिक आहे. वडील एका गोदामात सुपरवायझर, आई औषधांच्या दुकानात काउंटरवर. ती पेनसिल्व्हेनियात फिजिशियन असिस्टंटचा, तिथल्या बोलीत पीएचा, म्हणजे डॉक्टरांच्या साथीने रुग्ण तपासून उपचार करणाऱ्यांचा, अभ्यासक्रम करते आहे. वर्गात बसून शिकायचा भाग संपत आला. पुढचं वर्ष निरनिराळ्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत रोटेशनचं. त्यातली दोन रोटेशन घरापासून दोन तासांवर आहेत, म्हणजे दुसरं भाडं आणि गाडीचा खर्च आलाच. सरकारी कर्ज सत्तर हजार डॉलरच्या वर गेलं आहे.

तिच्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या निधीतून दरवर्षी दोन ते पाच हजार डॉलरचे काही पुरस्कार दिले जातात. एक आर्थिक गरजेवर, एक अकाली गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीच्या स्मरणार्थ, एक खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्यसेवा देऊ इच्छिणाऱ्यासाठी. अर्ज सगळ्यांना मिळून एकच. तो भरावा की नाही, यावर तिचं अडलं आहे. वडील म्हणतात, "आपण देणाऱ्यांतले, घेणाऱ्यांतले नाही. तुझ्या आजोबांना वारावर जेवून शिकावं लागलं, तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही." त्यांनी पुण्याच्या काकांशी बोलून पंधरा लाख रुपये बिनव्याजी मिळवायचं ठरवून टाकलं आहे. तिला स्वतःलाही वाटतं की वर्गात एकटीने मूल वाढवणारी एक मैत्रीण आहे, तिच्या तोंडचा घास आपण कशाला काढायचा? शिवाय निवड झाली तर देणगीदारांबरोबर जेवण, आभाराचं पत्र, वेबसाइटवर फोटो. "मंडळातल्या लोकांनी तो फोटो पाहिला तर बाबांना काय वाटेल?" असं विचारून ती लिहिते, "ताई, दोन-तीन हजारांसाठी एवढं सगळं करावं का?"

उत्तर

तू ताई म्हणून लिहिलंस, तर मीही सरळ तूच म्हणते.

बाबांच्या वाक्याचा तुला राग आलेला दिसतो. मला नाही आला. वार लावून जेवणं म्हणजे काय, हे तुझ्या पिढीला गोष्टीसारखं वाटतं. शिकायला गावात आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडाभर सात घरी जेवायचा. त्यातून पुष्कळ माणसं शिकली, मोठी झाली, हे खरंच. पण काही घरांत त्या मुलाला आपल्या मुलांच्या पंगतीला बसवत, तर काही घरांत पंगत उठेपर्यंत ओसरीवर थांबवत. कोण कुणाच्या घरी जेवतो, हे सगळ्या गावाला ठाऊक असे, आणि पुढे आयुष्यभर ते ठाऊक असल्याची जाणीव करून देणारंही कुणीतरी निघे. आजोबांनी ते सोसलं असणार आणि बाबांनी लहानपणी ते ऐकलं असणार. त्यामुळे बाबांना भीती पैशाची नाही, मिंधेपणाची आहे. ती भीती खोटी ठरवून तुझं काम होणार नाही. तुझ्यासमोर जो अर्ज आहे त्यात मिंधेपण कुठे आहे, हे शोधून पाहायला हवं. मला ते आहे असं वाटतं, फक्त बाबा दाखवतात त्या जागी नाही.

आधी हा निधी चालतो कसा ते बघ. माजी विद्यार्थी विद्यापीठाला रक्कम देतात तेव्हा ती कायमची देऊन टाकतात. सोबत एक लेखी करार होतो, त्यात पुरस्कार कुणाला द्यावा याच्या अटी असतात. कायमनिधी असेल तर मुद्दल गुंतवून ठेवतात आणि दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के खर्चायला काढतात. म्हणजे पन्नास हजार डॉलरच्या निधीतून वर्षाला दोन ते अडीच हजार डॉलर निघतात. तुझे पुरस्कार तेवढ्याच रकमेचे का आहेत, हे यावरून कळेल. दुसऱ्या प्रकारात एखाद्या तुकडीचे लोक दरवर्षी वर्गणी काढतात आणि त्या-त्या वर्षी वाटून टाकतात. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. तुझी निवड देणारा करत नाही, समिती करते. देणाऱ्याने दार केव्हाच ओढून घेतलेलं असतं, तू त्याच्या ओसरीवर उभी नाहीस.

आणि पात्र माणसाने अर्जच केला नाही तर? तर बहुतेक ठिकाणी ती रक्कम पुढच्या वर्षावर जाते किंवा मुद्दलात मिळते. तू मागे सरल्याने ती तुझ्या मैत्रिणीच्या पदरात पडत नाही. तिच्या तोंडचा घास म्हणतेस, पण तिने अर्ज केला आहे का, हे तिला विचारलंस का? माझा अंदाज विचारशील तर तिनेही केला नसेल. तीही कुणा तिसरीकडे बघून हेच म्हणत असेल. मी काही वर्षं एका छोट्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायचं काम केलं आहे. ज्यांना खरोखर हवं असतं अशी मुलं अर्जच करत नाहीत, आणि ज्यांना अर्ज करायची सवय आहे ती सगळीकडे करतात. मग समितीला त्यांच्यातूनच निवडावं लागतं. कोण जास्त गरजू हे ठरवायचं काम समितीचं आहे, ते तू मनातल्या मनात आधीच उरकून टाकलंस. एवढा निवाडा करायला तुझ्याकडे दोघींच्या हिशेबाची कागदपत्रं तरी कुठे आहेत?

"आमचं स्वतःचं घर आहे, आम्ही गरीब कसे?" असं तू लिहिलंस. विद्यापीठाच्या आर्थिक मदत कचेरीच्या हिशेबात गरज म्हणजे गरिबी नव्हे. शिकायला लागणारा एकूण खर्च, त्यातून तुझ्याजवळ जे आहे ते वजा, उरलं ती गरज. पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी तिथल्या सरकारी मदतीच्या फॉर्ममध्ये, फाफ्सामध्ये, स्वतंत्र धरला जातो. आईवडिलांचं उत्पन्न त्यात मोजत नाहीत. काही संस्था स्वतःच्या अर्जात ते वेगळं विचारतात, तेवढं पाहून घे. पण तुझ्या नावावर आज काय आहे? उत्पन्न शून्य, कारण पीएच्या अभ्यासक्रमात नोकरी करू नका असं बहुतेक विभाग बजावूनच सांगतात, आणि सत्तर हजारांचं कर्ज. घर बाबांचं आहे, तेही बँकेकडे गहाण.

देणारे कोण आहेत, याचंही चित्र तुझ्या मनात थोडं चुकलेलं दिसतं. "श्रीमंत लोकांबरोबर जेवायचं" असं तू लिहिलंस. पीए हा पेशाच तरुण आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला तो नौदलातून बाहेर पडलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन. त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ला उत्तीर्ण झाले. सैन्यात जखमा बांधायला शिकलेल्या आणि नागरी जीवनात परतल्यावर त्या कौशल्याला काहीच किंमत नसलेल्या माणसांसाठी निघालेली ही वाट. या पेशात पिढीजात धनिक तयार व्हायला वेळच मिळालेला नाही. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२४मध्ये पीएचं मध्यम वार्षिक वेतन १,३३,२६० डॉलर होतं. चांगलं आहे, पण त्यातून कर्जाचे हप्ते जातात. तुझ्या विभागाला देणगी देणाऱ्यांत दवाखान्यातली पाळी संपवून महिन्याला पन्नास डॉलर वळते करणारे लोक बरेच असतील, काहींचं स्वतःचं कर्जही अजून फिटलेलं नसेल. त्या जेवणाला गेलीस तर समोर शेठ बसलेला नसेल. कोणत्या रोटेशनमध्ये झोप मिळते आणि कोणत्यात नाही, हे सांगणारी एखादी सीनियर बसलेली असेल. आणि खरं सांगू, तुझी पहिली नोकरी त्या टेबलावरून मिळण्याची शक्यता त्या दोन-तीन हजारांपेक्षा जास्त मोलाची आहे.

आता "दोन-तीन हजारांसाठी" या शब्दांकडे येते. समज, तुला तीन हजार मिळाले नाहीत आणि तेवढे तू ग्रॅड प्लस कर्जातून, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी कर्जातून, उचललेस. २०२५-२६च्या कर्जावर व्याज ८.९४ टक्के आहे आणि रक्कम हातात यायच्या आधीच ४.२२८ टक्के शुल्क कापलं जातं. म्हणजे तीन हजार हातात पडायला सुमारे ३,१३० उचलावे लागतात. शिक्षण संपेपर्यंत आणि पुढची सहा महिन्यांची सवलत धरून दीड वर्ष व्याज चढलं की ते साडेतीन हजारांवर जातं. दहा वर्षांच्या हप्त्यांनी फेडलंस तर शेवटी तू साधारण ५,४०० डॉलर दिलेले असतील. म्हणून पुरस्काराची रक्कम कागदावर दिसते तेवढीच धरू नकोस, तिने टाळलेल्या कर्जाएवढी धर. एक अर्ज आणि दोन संध्याकाळी लिहिलेला एक निबंध यांच्या मोबदल्यात हा सौदा वाईट नाही. रात्रपाळी करून तुला हे मिळाले नसते.

मिंधेपण कुठे आहे, असं मी वर म्हटलं. मला ते काकांच्या पंधरा लाखांत दिसतं. काका वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही, मनाने देत असतील. पण ते पैसे आले कुठून? निवृत्तीनंतरचे असतील तर त्यांना आजारपणात लागले तर तू रोटेशनमध्ये असताना परत करू शकणार आहेस का? परत करायचे ते रुपयांत की डॉलरमध्ये, डॉलर महागला तर फायदा कुणाचा? काकूंना विचारलं आहे का? चुलत भावाच्या लग्नात, जमिनीच्या वाटणीत, तू कुणाशी लग्न करायचं ठरवलंस त्यात, हे पंधरा लाख न बोलता हजर राहतील. बिनव्याजी कर्जाचं व्याज आपल्याकडे कसं वसूल होतं, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजोबांचे वार ते विसरलेले नाहीत, आणि तरी ते मुलीसाठी आठवड्याचे सातही वार एकाच घरी लावून टाकतायत. हे त्यांना असं तोंडावर म्हणू नकोस. पण तू विचार करताना विसरूही नकोस.

काकांकडून घ्यायचेच झाले तर कमी घे, रक्कम, चलन आणि परतीची मुदत साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे, आणि काकूंच्या समोर घे. सरकारी कर्जाच्या बाबतीत तुझं बरं आहे. त्याचे नियम १ जुलै २०२६पासून बदलतात, पण तू त्याच्या आधीच या अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतलेलं असल्याने उरलेल्या शिक्षणासाठी तुला जुनेच नियम लागू राहतात. म्हणजे तुझ्यापुढे "काकांचे पैसे नाहीतर शिक्षण बंद" असा पेच नाहीच. तो तुम्ही घरात बसून तयार केला आहे.

खेड्यापाड्यांत सेवेसाठीच्या पुरस्काराबद्दल तू हळूच विचारलंस की, मला खरं तर हाडांच्या शस्त्रक्रियेच्या विभागात जायचं आहे, पण इच्छा आहे असं लिहिलं तर काय बिघडतं? बिघडतं. अर्जात तीनही पुरस्कारांच्या चौकटी असल्या तरी सगळ्या भरायलाच हव्यात असं नाही. ज्याची अट तुला लागू नाही ती चौकट रिकामी सोड. ती जागा कुणासाठी तरी खरोखर आहे, आणि इथे मात्र तुझ्या मैत्रिणीच्या घासाची उपमा बसते. मात्र अटीचे शब्द नीट वाच. "आवड" लिहिलं असेल आणि तुझी दोन रोटेशन खेड्यात असतील, तर तिकडे राहून बघायची तुझी तयारी आहे हे प्रामाणिकपणे लिहिता येईल. "बांधिलकी" लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

बांधिलकीच्या योजना सरकारीही आहेत आणि रकमेने फार मोठ्या आहेत. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क भरते, वर महिन्याला खर्चाला देते. बदल्यात डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात प्रत्येक वर्षामागे एक वर्ष, कमीत कमी दोन, काम करायचं. ती फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते. करार मोडला तर घेतलेल्याच्या तिप्पट, वर व्याज, अशी वसुली आहे, त्यामुळे "पुढचं पुढे बघू" म्हणून सही करायचा हा कागद नव्हे. शिकून झाल्यावर अशा भागात नोकरी धरली तर कर्ज फेडून देणारी याच संस्थेची दुसरी योजना आहे. तुझ्यासारख्या, अजून मन न ठरलेल्या मुलीसाठी ती अधिक बरी, कारण तेव्हा तू नोकरीची जागा पाहून सही करशील.

जागा पाहून, हे मी मुद्दाम म्हणते. १९१३मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेलेही. पण जातीमुळे त्यांना तिथे राहायला जागा मिळेना, कचेरीतही माणसं शिवाशिव पाळत, आणि थोड्याच काळात त्यांना बडोदं सोडावं लागलं. करार करताना आपण आपला निश्चय तपासतो, आणि ज्या गावाला जायचं ते गाव तपासायचं राहून जातं. तुला जायचं असलेल्या गावी दुसरी पीए आहे का, आधीची का सोडून गेली, रात्री शंका आली तर फोन कुणाला करायचा, हे विचारल्याशिवाय सेवेच्या करारावर सही करू नकोस.

निबंधाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी सांगणारच, कारण आपली मुलं इथे हमखास घसरतात. एक तर "माझे आईवडील कष्टाळू आहेत" इथून सुरू करतात आणि पाऊण पान आईवडिलांवरच संपवतात. समितीला आईवडिलांबद्दल आदर वाटतो, पण तिला पैसे तुला द्यायचे असतात. नाहीतर दुःखाचं प्रदर्शन मांडतात, आणि ते लिहितानाच त्यांना स्वतःची लाज वाटायला लागते. दोन्ही नको. प्रवेशासाठी लागणारे रुग्णसेवेचे तास तू वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट म्हणून रात्रपाळ्या करून भरलेस, हे पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंस. तिथे बाबा नातेवाइकांना "मुलगी हॉस्पिटलमध्ये असते" एवढंच सांगत, हेही लिहिलंस. निबंध तिथून सुरू कर. कुणाची कूस बदलताना काय शिकलीस, ते लिही. आणि मग आकडे: रोटेशन किती मैलांवर, भाडं किती, गाडीचा खर्च किती, पुरस्कार मिळाला तर त्यातलं नेमकं काय भागेल. "दोन महिन्यांच्या खोलीचं भाडं यातून निघेल, तेवढं कर्ज मी उचलणार नाही" हे एक वाक्य अश्रूंच्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं. स्मरणार्थ पुरस्कारासाठी लिहिताना त्या गेलेल्या मुलीबद्दल चार ओळी शोधून वाच. ती कुठे काम करायची, मित्रमंडळींनी तिच्या नावाने निधी का उभारला. न वाचता लिहिलेला अर्ज समितीला पहिल्या ओळीत कळतो.

फोटोचं म्हणशील तर तो टाळता येतो. मिळालेले पुरस्कार ही विद्यापीठाने जाहीर करता येण्याजोगी माहिती धरली जाते, पण तिथल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या कायद्याप्रमाणे ही माहिती जाहीर करू नका असं रजिस्ट्रारच्या कचेरीला लेखी कळवायचा हक्क तुला आहे. त्याने इतरही काही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून आधी विभागालाच विचार: नाव चालेल पण फोटो नको, असं जमेल का? बहुधा जमतं. आभाराचं पत्र मात्र लिहीच, आणि ते उपकाराखाली वाकून लिहू नकोस. काय शिकते आहेस, पुढे काय करायचं आहे, एवढं पुरे. देणाऱ्यालाही तेच वाचायचं असतं.

आता बाबा. अर्ज गुपचूप भरून नंतर सांगायचं, असा एक पर्याय तू सुचवलास. तुझ्या वयाला परवानगीची गरज नाही, हे खरं. पण तुम्ही एका घरात राहता आणि पुरस्काराचं पत्र त्याच पत्त्यावर येणार. त्यापेक्षा त्यांच्याशी बोल, आणि पैशांपासून सुरुवात करू नकोस. आजोबांबद्दल विचार. कोणत्या घरी कोणता वार होता, कुणी प्रेमाने वाढलं, कुणी नाही. बाबांना ही नावं माहीत असतील असं मला वाटतं. प्रेमाने वाढणाऱ्या घराबद्दल ते काय बोलतात, ते नीट ऐक. मग निधीचा कागद त्यांच्यापुढे ठेव: पैसे कुणी दिले, निवड कोण करतं, देणाऱ्याचा त्यात हात किती. गोदामाचा हिशेब ठेवणारा माणूस ८.९४ टक्के चटकन समजतो. वर पुढची गोष्टही त्यांनाच सुचू दे. नोकरी लागली की तूही त्याच निधीत भर घालू शकतेस, आणि पुष्कळ रुग्णालयं कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत आपली तेवढीच रक्कम घालतात. देणाऱ्यांतलं व्हायला बाबांची हरकत नाही ना? एवढं सगळं करूनही ते नाहीच म्हणाले, तर अर्ज कर आणि तो केला आहेस हे त्यांना त्याच दिवशी सांग. थोडे दिवस घरात अबोला राहील. तो काकांच्या पंधरा लाखांपेक्षा स्वस्त पडेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं वेगळं सांगते, कारण तुझ्यानंतर येणाऱ्यांची परिस्थिती तुझ्यापेक्षा कठीण आहे. जुलै २०२५मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद होतं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज. "व्यावसायिक" पदव्यांना ही मर्यादा वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख आहे. पण शिक्षण खात्याने नियमांच्या मसुद्यात या पदव्यांची जी यादी धरली, तीत डॉक्टर, दंतवैद्य, फार्मसी, कायदा आहेत आणि पीए नाही. सव्वादोन वर्षांच्या आसपासचा हा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी राहण्याखाण्यासकट एक लाखाच्या पुढे जातो. त्यामुळे जो खड्डा पडेल तो खाजगी कर्जाने भरावा लागेल, आणि ज्यांच्यासाठी सही करायला चांगली पत असलेलं कुणी नाही त्यांना तेही कठीण. म्हणून प्रवेश निवडतानाच विचारा: माजी विद्यार्थ्यांचा निधी आहे का, त्यातून दरवर्षी किती जणांना मिळतं, पहिल्या वर्षी मिळतं की फक्त दुसऱ्या? विभागाच्या पत्रकावर रंगीत इमारतीचे फोटो पुष्कळ असतात, हा आकडा बहुधा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आपल्या विद्यापीठाबाहेर पीए फाउंडेशन आणि राज्याराज्यांच्या पीए संघटना यांच्याही शिष्यवृत्त्या असतात, त्या वेगळ्या पाहाव्यात.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना सरकारी कर्ज नाहीच. बरेच पीए अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांना घेतही नाहीत, जे घेतात तिथे माजी विद्यार्थ्यांचा निधी खाजगी असल्याने तुमच्यासाठी खुला असू शकतो. विचारून घ्या. भारतात फिजिशियन असिस्टंटची बी. एस्सी. करून अमेरिकेत पीए म्हणून काम करू, असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तिथली परवाना परीक्षा द्यायला तिथल्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी लागते.

परत तुझ्याकडे येते. पुरस्कार मिळाला तर ती रक्कम शिक्षणशुल्क आणि सक्तीच्या पुस्तकांकडे वळती होईल असं बघ, तेवढ्यावर कर लागत नाही. भाड्याला वापरलीस तर ते उत्पन्न धरलं जातं. मिळालेली सगळी मदत मिळून शिक्षणाच्या ठरवलेल्या एकूण खर्चाच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून कचेरी कदाचित तुझी कर्जाची रक्कम कमी करेल. त्याने घाबरू नकोस, तेच तर हवं आहे. कर्ज आधीच खात्यात आलेलं असेल तर आल्यापासून १२० दिवसांच्या आत जेवढं परत करशील तेवढ्यावरचं व्याज आणि शुल्क रद्द होतं. मात्र सगळं परत करू नकोस. शिक्षण संपल्यावर परवाना परीक्षेची फी ५५० डॉलर, नियंत्रित औषधं लिहिण्याच्या केंद्रीय नोंदणीचे तीन वर्षांचे ८८८, राज्याच्या परवान्याचे वेगळे, आणि नोकरी ठरली तरी कागदपत्रांची तपासणी होऊन पहिला पगार हातात यायला महिने जातात. नोंदणीचे पैसे पुष्कळ ठिकाणी नोकरी देणारे भरतात, ते करारातच मागून घे. बाकीच्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेव, आणि परत करायच्या कर्जाचा फॉर्म मदत कचेरीतून आत्ताच आणून ठेव.